पाय साफ

आबा, परवा टीव्हीवर कबड्डीच्या खेळाडूंचा लिलाव दाखवत होते. गार खोलीत गोल टेबलांभोवती माणसं बसलेली, प्रत्येकापुढे संगणक, आणि पडद्यावर एकेका पोराची उंची, वजन, किती चढायांत किती गुण, सगळं लिहून येत होतं. मी अर्धा तास बघितलं आणि बंद केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले, आणि तो आवाज पुन्हा कानात सुरू झाला. 'कबड्डी कबड्डी कबड्डी', एका लयीत, आणि मधेच तुटलेला. दम संपत आला की आवाज आधी पातळ होतो आणि मग विरतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. हा विरत नाही. कापल्यासारखा थांबतो. तुम्हाला जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, पण हा आवाज काही जात नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्ही मुलुंडच्या कारखान्यात फिटर होतात, पण तिथे सगळे तुम्हाला ओळखायचे ते दुसऱ्याच कामासाठी. कंपनीचा कबड्डीचा संघ होता आणि दर वर्षी एक-दोन पोरांना खेळाच्या जोरावर कायमची नोकरी मिळायची. चाचणीच्या दिवशी साहेब लोक खुर्च्या टाकून बसायचे, पण त्या चाचणीला कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवायचात. रविवारी सकाळी वाकोला, घाटकोपर, मानखुर्द, जिथे सामने असतील तिथे जायचं, पोरं बघायची, आणि सोमवारी क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ध्या पानाचा अहवाल ठेवायचा. 'आबांनी बघितलाय' म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही. गिरण्या बंद पडल्या होत्या ते दिवस. आपल्याच चाळीत सात-आठ बाप घरी बसले होते. पोरगा कंपनीत चिकटला की अख्खं घर उभं राहायचं, म्हणून तो अहवाल लिहायच्या आधी तुम्ही हात धुवायचात. आई हसायची. "पूजेक बसतत जसे," म्हणायची.

मी एकोणीस वर्षांची होते. टायपिंगची परीक्षा देऊन नोकरीची वाट बघत घरी होते. एका रविवारी तुम्ही म्हणालात, "चल माझ्याबरोबर. वही धरायला कुणीतरी हवं." मी शाळेत कबड्डी खेळले होते, तुम्ही कधी सामना बघायला आला नव्हतात, त्यामुळे मला फार आनंद झाला. वाकोल्याच्या त्या मैदानात आपण बाकावर बसलो आहोत, चुन्याने आखलेल्या रेषा अजून ओल्या आहेत, आणि मी वहीत पहिलं वाक्य लिहिते, 'चढाई छान करतो.' तुम्ही विचारता, काय लिहिलंस. मी वाचून दाखवते. "छान? छान साडी असते. हा पोरगा काय करतो ते लिही." आजूबाजूची दोन-चार माणसं हसली होती. मला रडू आलं, पण 'छान' हा शब्द मी त्यानंतर तुमच्या वहीत कधी लिहिला नाही.

गुण सगळ्यांनाच दिसतात, तू पाय बघ, असं तुम्ही सांगायचात. चढाईला निघण्याआधी कुठली टाच उचलते ती बघ. हूल देताना खांदा आधी हलतो की कंबर ते बघ. बाद होऊन बाहेर बसल्यावर पोरगा मैदानाकडे बघतो की पोरींकडे, तेही बघ. एखादा पसंत पडला की सामन्यानंतर तुम्ही त्याच्या घरी जाऊन पाणी मागायचात. पाण्याचं निमित्त. बापाची उंची, आईचा हाडापेराचा बांधा, मोठ्या भावाचं पोट बघून हा पोरगा पंचविशीत कसा होईल याचा अंदाज करायचात. घाटकोपरला एका घरातून बाहेर पडताना तुम्ही पुटपुटलात, "भाऊ फुगलाय. हाही फुगणार." पुढे तो खरंच फुगला.

हे सगळं शिकत असताना दुसरं काहीतरी माझ्या लक्षात येत होतं. घरात तुमचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. बशीत ओतलेला चहा अर्धा खाली जायचा, आणि आई ओरडायची, "लक्ष खंय आसा तुमचा?" मैदानात तुम्ही मला हळूच विचारायचात, "डाव्या कोपऱ्यातला कुठला पाय पुढे ठेवतोय?" मला वाटायचं माझी परीक्षा चालू आहे. मी उत्तर द्यायची, तुम्ही मान हलवायचात. मग मानखुर्दला तुम्ही म्हणालात, "तो सहा नंबर बघ, कसा घट्ट उभा आहे." सहा नंबरचा पोरगा घोटा आवळून दहा मिनिटांपासून बाहेर बसला होता. तुम्ही भलत्याच पोराकडे बघत होतात. मी तसं सांगितलं तेव्हा म्हणालात, "ऊन डोळ्यावर आलं गो." ऊन आपल्या पाठीमागे होतं. मी वहीत खाली बघून काहीतरी लिहीत राहिले. त्या दिवसापासून तुम्ही प्रश्न विचारलात की उत्तर देण्याआधी मी तुमच्या डोळ्यांकडे बघायची. हे मला शिकवतायत की मला विचारतायत? घरी कुणाला बोलले नाही. तुमच्याशी तर नाहीच. वर्षभर हे असंच चाललं, आणि त्या वर्षात ज्या पोरांना चाचणीचं बोलावणं गेलं ती पोरं निम्मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली होती.

दहिसरचा सामना थंडीतला. नदीच्या अलीकडचं मैदान, सकाळची नऊची वेळ. तिथल्या स्थानिक संघात एक अठरा वर्षांचा पोरगा होता. सडपातळ, मान लांब, बाप गिरणीतून सुटून घरी बसलेला, हे आपल्याला तिथल्या चिटणीसांनी आधीच सांगितलं होतं. त्याने पहिली चढाई केली आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. समोर सात जण असून तो जणू रिकाम्या अंगणात फिरत होता. पकडायला येणाऱ्याला आपल्या अंगाजवळ येऊ द्यायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी तिथे नसायचा. तुम्ही पुढे वाकून ऐकत होतात. "दम बघ," म्हणालात. "एकसारखा आहे. घाबरत नाही."

पण मी पाय बघत होते. त्याने दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. दोन्हींना बांधल्या की दुखरा कुठला ते कळत नाही. मध्यरेषा ओलांडून परत आला की तो डावा पाय सपाट टेकायचा, चवड्यावर नाही. एकदा बाद होऊन बाहेर बसला तेव्हा त्याने डावा पाय लांब केला आणि गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्याने दाबत राहिला. उठताना सगळा भार उजव्यावर. मग त्याने वर बघितलं. मी त्याच्या गुडघ्याकडे बघते आहे हे त्याला दिसलं. अंगठा लगेच काढून घेतला, आणि चेहरा असा झाला की मीच नजर वळवली.

सामना संपला. तुम्ही विचारलंत, "पाय?"

मी म्हणाले, "साफ."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "लिही. पाय साफ. चाचणीला बोलवावा." मी लिहिलं. त्या दिवशी तुम्ही त्याच्या घरी पाणी मागायलाही गेला नाहीत. गरज नाही, म्हणालात.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या मैदानात चाचणी झाली. मी कुंपणाच्या तारेजवळ उभी होते. त्याच्या पहिल्या दोन चढायांनंतर क्रीडा अधिकाऱ्यांनी तुमच्याकडे वळून मान डोलावली. तिसऱ्या चढाईत तो उजव्या कोपऱ्यात शिरला, दोघांना शिवला, आणि वळून मध्यरेषेकडे झेपावला. डाव्या पायावर आला. गुडघा आतल्या बाजूला गेला. सुकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज झाला, आणि त्याचा 'कबड्डी' तिथेच कापला गेला. रेषा त्याच्या बोटांपासून हातभर लांब होती. तो हात पुढे करू शकला असता. केला नाही. सगळे त्याच्याकडे धावले. मी तुमच्याकडे बघितलं. तुमचं तोंड अजून उजव्या कोपऱ्याकडे होतं, आणि चेहऱ्यावर हसू होतं. तो रेषेपार आला असं तुम्हाला वाटत होतं.

कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, इजा जुनी आहे, आज फक्त उरलंसुरलं गेलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, तुम्ही पाय बघितला नव्हता?" मी तारेच्या पलीकडे होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "बघितला होता, साहेब. खेळ आवडला म्हणून पायाकडे कानाडोळा केला. चूक माझी." मी तिथे जाऊन बोलायला हवं होतं. तार दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पुढच्या वर्षी पोरं बघायला दुसरा माणूस जायला लागला. तुमची बदली स्टोअरमध्ये झाली. रविवारी सकाळी तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचात, आणि कुठून शिट्टी ऐकू आली की मान वळवायचात. त्या सकाळी मला घरात थांबवत नसे. मी उगाच भाजी आणायला जायची.

चाचणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी तो पोरगा आपल्या घरी आला. काठी घेऊन. आई कामाला गेली होती. मी आत चहा टाकला आणि स्वयंपाकघरातच थांबले. आपल्या त्या दोन खोल्यांत मधे नुसता पडदा. तो म्हणाला, "आबा, मी लपवलं. वर्षभर आधी पडलो होतो. सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलंच नसतं. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं."

तुम्ही म्हणालात, "लपवणं तुझं काम होतं रे. तुझ्या जागी मीही लपवलं असतं. बघणं माझं काम होतं."

"तुमच्या मुलीनं बघितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, आता संपलं. तरी बोलावणं आलं, म्हणून वाटलं की तुम्ही सगळं समजून घेतलंत."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. मग तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, "समजून घेतलं म्हणूनच बोलावलं." चहा मी बाहेर आणला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हीही नाही. तो गेला, जिन्यावर त्याची काठी वाजत वाजत खाली गेली, आणि तुम्ही मला हाक मारलीत. घरात तुम्ही आईसारखे नेहमी मालवणीत बोलायचा नाहीत, फार राग आला किंवा फार दुखलं तरच. तेव्हा बोललात.

"आता खरां सांग गो. कितपत लंगडता तो?"

मी सांगितलं. पाय कमरेतून उचलावा लागतो, गुडघा वाकतच नाही, काठी चुकीच्या हातात धरतो. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, एकेका मैदानात ऐकायचात तसं. "काठी उजव्या हातात धर म्हणून सांगूक होया होता," एवढंच म्हणालात. 'मला दिसत नाही' हे तुम्ही कबूल केलंत ते तेव्हाच, तेही असं. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही. डॉक्टर काचबिंदू म्हणाले तोवर फार उशीर झाला होता, शेवटच्या दोन वर्षांत तर तुम्हाला उजेडही कळत नव्हता. त्या पोराला पुढे दहिसरलाच एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. मी चौकशी केली होती. समोर कधी गेले नाही.

तुमच्या त्या 'आता'ने मला छळलं आहे, आबा. 'आता खरं सांग' म्हणजे काय? त्या वेळी खोटं बोललीस, आता तरी खरं सांग, असं? की नुसतंच, बोलण्याच्या ओघात? साहेबांसमोर चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा तुम्ही तुमचे डोळे लपवत होतात की मला? तुम्ही आणखी चार वर्षं जगलात. रोज तुमचं ताट मी वाढायची, भात कुठे, आमटी कुठे ते सांगायची. विचारायला रोज वेळ होता.

आईला मी नंतर सांगितलं की मला त्या पोराची दया आली. नवऱ्यालाही तेच सांगितलं. दोघांनीही माझ्या पाठीवरून हात फिरवला. ते अगदी खोटं नाही, पण ते मला मागाहून सुचलेलं आहे. त्या सकाळी तुम्ही 'पाय?' म्हणून विचारलंत तेव्हा माझ्या मनात तो पोरगा नव्हताच. तुम्हाला खरंच दिसत नाही का, एवढंच मला बघायचं होतं. मी खोटं बोलेन, तुम्ही डोक्यात टपली माराल, 'डावा बघ, डावा' म्हणाल, आणि वर्षभर जी भीती घेऊन तुमच्या शेजारी बसत होते ती एकदाची जाईल. तुम्ही म्हणालात, लिही. आणि मग ते खोडायचं तर तुम्हाला तोंडावर सांगावं लागलं असतं, म्हणून मी खोडलं नाही.

तुम्ही असतात तरी हा कागद तुमच्या हाती देऊन उपयोग नव्हता. मलाच वाचून दाखवावा लागला असता. वाचला असता मी. फक्त हे शेवटचं गाळलं असतं.