डाव्या पायाखालचे पाणी

सोलापूर,
सोमवार

आदरणीय जालिंदरमामांस,
संघप्रियाचा सविनय जय भीम.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमचे डोळे आता कसे आहेत? हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल म्हणून अक्षर मोठे काढले आहे, आणि मामी वाचून दाखवत असतील तर त्यांचा गुडघा कसा आहे तेही कळवावे (नमस्काराआधी हे विचारायला हवे होते, क्षमा असावी). आई बरी आहे. मीही बरीच म्हणायची, पण आभाळ भरून आले की टॉर्च घेऊन बाहेर धावते, आणि यंदा ते रोजच भरून येते. चार वाक्यांपेक्षा मोठी गोष्ट फोनवर बोलायची नाही, कागदावर लिहायची, हा तुमचा नियम. ही गोष्ट चार वाक्यांत बसत नाही. गोष्ट तुमच्या गाडीची आहे.

एप्रिलमध्ये किल्ली देताना तुम्ही म्हणालात, एक पावसाळा नीट सांभाळून दाखव, दिवाळीत तुझ्या नावावर करतो. तेव्हापासून मी गाडी चालवली कमी आणि सांभाळलीच जास्त. सीटवरचे कंपनीचे प्लास्टिक तुम्ही बारा वर्षे काढले नाही, मीही काढले नाही (त्याचे पुढे काय झाले ते येईलच). उन्हाचा रंगाला त्रास नको म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली. आणि जुलैत तिच्यात कुबट वास यायला लागला. आई म्हणाली, "उंदीर मेला असंल." मी सगळी गाडी धुंडाळली. उंदीर मिळाला नाही, आणि खरे सांगते, मला वाईट वाटले, कारण उंदीर काढून टाकता आला असता. डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली दोन बोटे पाणी होते.

नमुना घेतल्याशिवाय बोलायचे नाही ही आमच्या लॅबमधली शिस्त, तुम्हाला ठाऊकच आहे. मी त्या पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या आणि चिठ्ठ्या लावल्या: 'डाव्या पायाखालचे, सकाळी सात'; 'डाव्या पायाखालचे, पावसानंतर'; 'डाव्या पायाखालचे, कारण नसताना'. पाण्याला रंग नाही, तेलाचा वास नाही, म्हणजे ते पावसाचेच. (तिसरी बाटली आईने कढीपत्त्याला घातली.) मी रोज पाणी पुसत होते आणि रोज ते परत येत होते. ऑगस्टमध्ये पायपुसण्याखाली तीन पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मी रडायच्या बेतात होते, तर आई म्हणाली, "भाजीपुरत्या झाल्या की सांग."

गळती भर पावसात शोधता येत नाही, कारण तेव्हा सगळेच ओले असते. कोरड्या दिवशी एकेका जागी पाणी ओतून बघावे लागते, आधी दार, मग काच, मग टप. आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो, तेव्हा कोरडा दिवस आणि नळाचा दिवस एकत्र यायला सप्टेंबर उजाडला. मी टॉर्च घेऊन आत पालथी पडले आणि आई बाहेर तांब्या घेऊन उभी राहिली. पण चांगले पाणी गाडीवर ओतायला तिचा हातच होईना. "टँकरच्या गावची लेक मी, आन् पाणी पत्र्यावर वतू? तुझ्या मामानं बघितलं तर तुला बी वतंल भाईर." शेवटी तिने भांडी विसळलेले पाणी आणले. दारावर ओतले, काही नाही. काचेवर ओतले, काही नाही. वायपरच्या बुडाशी ओतले मात्र, आतल्या पंख्याच्या बाजूने धार लागली आणि कोथिंबिरीचे एक पान माझ्या मनगटावर पडले. इतका स्वच्छ पुरावा मला लॅबमध्येही कधी मिळालेला नाही.

गाडी गॅरेजात श्रीमंत मिस्त्रींकडे नेली (श्रीमंत हे त्यांचे नाव). त्यांनी वायपरखालची काळी जाळी काढली, तर आत कडुनिंबाचा पाला पायलीभर. तो उपसून पाणी ओतले, तरी ते तळ्यासारखे उभेच. मग त्यांनी डाव्या चाकाच्या वरून आत हात घातला, स्क्रू-ड्रायव्हरने काहीतरी उचकटले, आणि पाणी सुटकेचा श्वास टाकावा तसे खाली गेले. एम-सीलचा टणक गोळा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. "ताई, ही भोकं पाणी भाईर जायला असत्यात. भाईर जायची वाट बुजवल्यावर ते आतच येणार की. कुठल्या शहाण्याचं काम हाय हे?" मी म्हणाले, माहीत नाही, आधीच्या एखाद्या गॅरेजवाल्याचे असेल.

आता गळती पूर्ण थांबली आहे. आतला गालिचा आठ दिवस गच्चीवर वाळवला. प्लास्टिकच्या आत बुरशी धरली होती, म्हणून ते काढावे लागले (मी ते घडी करून ठेवले आहे). वास थोडा राहील. पुढच्या रविवारी तुम्ही गाडी बघायला येणार, तेव्हा दार उघडल्यावर धक्का बसू नये एवढ्यासाठी हे लिहिले. मामींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची,
संघप्रिया

ता. क. : 'माहीत नाही' हे खोटे आहे. लिहिलेला कागद फाडायचा नाही, चूक झाली तर खाली दुरुस्त करायची, हे शाळेत जायच्या आधी तुमच्याच ओसरीवर शिकले, म्हणून पत्र फाडत नाही. तो अंगठा माझा आहे. मे महिन्यात गाडी धुतल्यावर डाव्या चाकापाशी थेंब पडताना दिसले. सांगोल्यात तुमच्या घरी पिंपाखाली थेंब दिसला की तुम्ही आधी एम-सील लावायचात आणि मग जेवायचात. मीही तसेच केले, आणि तारीख घालून वहीत लिहिले, 'गळती बंद.' मग जुलैपासून तीन महिने मी दुसरी गळती शोधत होते. पावसाळा मी नीट सांभाळलेला नाही, तेव्हा गाडी माझ्या नावावर करू नये.

ता. क. २ : आईने हे वाचले आणि म्हणाली, पत्र अजून निम्मे खोटे आहे. तेव्हा लिहिते. उजव्या चाकावरचे पाणी जायचे तोंडही बुजलेले निघाले. तो गोळा जुना, पिवळा पडलेला, आणि त्यावरचा अंगठा माझ्या दुप्पट, मधोमध आडवा व्रण असलेला. आईने बघताक्षणी ओळखला: "दादाचाच. कडबा तोडताना इळा लागलेला." सांगोल्याला पाऊसच नाही, म्हणून तो इतकी वर्षे कुणाला कळला नाही, आणि एक तोंड उघडे होते तोवर सगळे पाणी तिकडून जात होते. ते मी बंद केले. आजीनंतर आपल्या घरात कुणी अंगठा उठवायचा नाही म्हणून पाचव्या वर्षी तुम्ही मला सही शिकवलीत, आणि आता आपले दोघांचे अंगठे लॅबच्या बाटल्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत. रविवारी नक्की या. गाडी कुणाच्या नावावर ते तुम्ही ठरवा, पण श्रीमंत मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे आणि मी एकटी जाणार नाही. गाडी मी चालवीन. तुम्ही डावीकडे बसा, पायाखाली वर्तमानपत्र घालते.