इपोहच्या गुहेतली शिट्टी

वुडलँड्स, सिंगापूर
सोमवार, ८ जून २०१५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

आम्ही तिघं बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? प्रबोधच्या हाताला चटका बसल्याचं तुला आमच्या कंपनीतल्या श्रीनिवासने कळवलंच आहे. त्यावर येतो.

मलेशियातल्या इपोहची सहल कितीला पडली हे तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. दोन रजा, नीताची एक चप्पल आणि घाईत केलेली एक सही. चप्पल तिथे नवी मिळाली.

जागा बघण्यासारखी आहे. सपाट जमिनीतून एकदम उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटात गुहा. एकीत बुद्धमूर्ती आहे. तू असतीस तर तिथून हलली नसतीस. नीताने तुझ्या नावाची उदबत्ती लावली.

माझी ख्याती तुला ठाऊक आहेच. नागपूरच्या आयटीआयचा फिटर, पण आज जुरोंग आयलंडवर दुरुस्त केलेला पंप माझ्या सहीशिवाय चालू होत नाही. बाकीचे मीटर लावतात, मी कान लावतो. कंपनीत दर वर्षी काचेच्या खोलीत बसवून कान तपासतात. नर्स म्हणते, "अंकल, तुमचे कान विशीतल्या पोराचे आहेत." हे मी तुला फोनवर किती वेळा ऐकवलंय! तू मात्र म्हणतेस, "मग सारखं काय, काय, काय करतोस?"

शनिवारी मोठ्या गुहेत गेलो. आत बरंच चालल्यावर वाटाड्याने टॉर्च बंद केला आणि ऐका म्हणाला.

असा अंधार मी पाहिला नव्हता. कुणाचे ओठ दिसेनात.

"अगबाई, केवढा कालवा!" नीता म्हणाली.

"So many birds, lah! Papa, like whistle, hor?" जान्हवी म्हणाली.

मला पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. बाकी काही नाही. तरी मी म्हणालो, "वा, मस्त." पोरगी पुन्हा म्हणाली, "So sharp, my ears pain already." तेव्हा मी बाहेरची वाट चाचपू लागलो.

कारण गुरुवारी प्रबोध मला हेच म्हणाला होता. मी पंपाच्या कागदावर सही करत होतो. "मामा, मागच्या बेअरिंगमधून बारीक शिट्टी येतेय. ऐका ना." चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "तुझ्या कानात मळ असेल. हा कान बावीस वर्षं भाकरी देतोय, बाळा." सगळे हसले. तोही हसला. मला इपोहची बस धरायची होती.

गुहेत फोनला रेंज नव्हती. दिसेल त्या उजेडाकडे धावलो. पार्किंगपाशी श्रीनिवासला फोन लागला. म्हणालो, "तो पंप बंद कर."

"अहो, तुम्हीच पास केलात की."

"सही चुकली. जवळ कोण आहे?"

"तुमचा भाचाच आहे."

"त्याला आधी लांब कर!"

श्रीनिवास उठल्याचं कळलं, आणि मागे भोंगा झाला. भोंगा मला स्पष्ट ऐकू आला, ताई. जाड आवाज अजून येतात.

बेअरिंग अडकलं, सील फाटलं. गरम तेल प्रबोधच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं. चटका नाही, भाजलंय. बुधवारी मांडीची कातडी काढून हातावर लावणार आहेत. डोळे वाचले. बोटं पूर्वीसारखी मिटतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

काल कंपनीची माणसं पलंगाशी बसून त्याचा जबाब घेत होती. मी दारात होतो. तो काय बोलतोय ते ओठांवरून वाचलं. "मला काही ऐकू आलं नव्हतं," असं त्याने सांगितलं.

ती गेल्यावर विचारलं, "असं का सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्हीच मला इथे आणलंत, मामा."

याचा अर्थ, पंपावर नजर ठेवायला तो होता आणि बिघाड त्याच्याच लक्षात आला नाही, असं ठरणार. दोष त्याचा आणि भाजलेल्या हाताने परत नागपूर. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, इथे राहण्याचा पास जाईल, जान्हवीची शाळा सुटेल. मी रात्रभर दोन्हीकडून हिशेब लावून पाहिला. चतुर माणूस ना मी.

उद्या दहाला चौकशी आहे. हे पत्र आज पोस्टात टाकतो. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी बोलणं फिरवलं असतं. कागद तुझ्याकडे निघाला की मला चौकशीत शब्द फिरवता येणार नाही. प्रबोधने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, हे उद्या माझ्या तोंडून जाईल. तू त्याला फोन कर, पण रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर.

तुझ्या मुलाचा मामा,
रवींद्र

ता. क. कानांच्या तपासणीचं वर अर्धंच लिहिलं. नीतालाही हे माहीत नाही. काचेच्या खोलीतले बारीक आवाज मला तीन वर्षांपासून येत नाहीत. नर्स आवाज सोडते तेव्हा तिचं बोट काचेतून दिसतं. ते हललं की मी बटण दाबतो.