झाकण न उघडता

शिरपूर,
मंगळवार दुपार

प्रिय मिसबाह,

जळगावला तुझं बी.एड. ठीक चाललंय ना? तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू हसलीस की मी विषय बदलेन, म्हणून लिहितेय. तुझ्या तौफिकभाईच्या गॅरेजवर सध्या गाड्या येत नाहीत, हे तुला घरून कळलंच असेल. त्याबद्दलच सांगायचंय, पण माझ्याच डोक्यात सगळा गुंता आहे.

आबा धुळ्याचे प्रवासी नेतात ती आमची जीप तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात सोनगीरजवळ ती तापली. तौफिकभाईने रेडिएटरचा पाइप बदलला आणि बजावलं, आठ दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. आबा म्हणाले, "मनी पोर बी.एस्सी. शे, तीच दखी." त्यांची पोर शिकलेली, म्हणून पाणी मीच बघायचं; मला केवढी ऐट वाटली!

रोज बॉनेट उघडलं की बाजूच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी खुणेपर्यंत दिसायचं. मग झाकण कशाला उघडायचं? मी वहीत 'ठीक' लिहायचे. सहाव्या दिवशी नरडाण्याजवळ इंजिन जाम झालं. गार झाल्यावर आबांनी झाकण काढलं, तर रेडिएटर कोरडा आणि टाकी भरलेली! झाकणाचं रबर गेलं की टाकीतलं पाणी आत ओढलं जात नाही, हे नंतर कळलं. पण मुळात पाणी गळलं कुठून? नव्या पाइपाच्या जोडातून की दुसरीकडून? कुणालाच सांगता येत नाही. मग चूक कुणाची? दिवसभर हेच घोळवते. झाकण उघडलं असतं तर पाणी कमी होतंय हे वेळीच दिसलं असतं, एवढं मात्र खरं.

आबा स्टँडवर सगळ्यांसमोर ओरडले, "तौफिकनी काम बिघाडं! मनी पोर रोज पाणी दखे!" शेजारच्या जीपचे हितेंद्रकाका म्हणाले, "शिकेल पोर शे, ती का खोटं बोली?" माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नाही ना, माझा शब्द सगळे खरा धरतात. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरच्या गाड्या दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागल्या.

आता खरं सांगते. आबा ओरडले त्याच संध्याकाळी तौफिकभाईने मला बाजूला बोलावून एवढंच विचारलं, "नूतन, ढक्कन उघडूनच बघायचीस ना?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "तर मग माझंच काही चुकलं असेल." आणि मी ते ऐकून घरी आले, मिसबाह. उद्या सकाळी नऊला मी आबांबरोबर स्टँडवर जाणार आहे आणि झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला पत्र मिळेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. मी खरंच बोलले का, ते तौफिकभाईला विचार. मला विचारू नकोस.

तुझीच,
नूतन