नितीनच्या फोल्डरचा पत्ता

मंगळवार, संध्याकाळ, भांडुप

आमच्या टीममधला नितीन वारला त्याला चार महिने झाले, आणि आज ऑफिसात माझं बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायचं काम, अडकलं ते त्याच्याच फोल्डरच्या पत्त्यावर. मी प्रोजेक्टचं सेटिंग बदललं, तरी तोच पत्ता. बिल्ड एकदा ऐकलेलं कॅशेच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, मग दरवेळी तेच वाचतं.

शेजारची प्रिया म्हणाली, "अगं, कॅशे उडव ना यार, काय बघत बसलीस?"

उडवली. पुन्हा चालवलं. पुन्हा नितीनचं नाव!

शोधलं तर तो पत्ता माझ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये. कामाच्या पहिल्या दिवशी त्यानेच बाजूला बसून माझ्याकडून टाइप करून घेतलेली ओळ. म्हणजे इतके दिवस मीच बिल्डला सांगत होते?

प्रियाला म्हटलं, "ओळ पुसली." खरं तर पुसली नाही. उद्या बिल्ड पुन्हा अडकेल. अडकू दे.