एका चिरेचा पाव

मी, या गल्लीतली पाववाली, वय वर्षे त्र्याहत्तर, कान शाबूत, डोळ्यांना चष्मा, डोके ठिकाणावर, कोणाच्या दबावाला न घाबरता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. मजकूर माझा, कलमांचे आकडे वकीलबाईंचे. त्या दोनदा म्हणाल्या, "आजी, कारणं लिहायची गरज नसते." मी कारणे लिहिणार आहे.

कलम एक. भट्टीच्या वरच्या दोन खोल्या आणि गच्ची मुलीला. ती धाकटी असली तरी तिलाच. मुलाला विचारले आहे. तो म्हणाला, "आई, तो जिना चढून माझे गुडघे गेले. तिलाच दे." दोघांनाही मी पिठाच्या पोत्यांवर बसवून वाढवले, दोघांचेही अक्षर गिचमिड आहे, आणि दोघेही अजून रोज संध्याकाळी फोन करतात. आई म्हणून माझी काही तक्रार नाही.

कलम दोन. बँकेतली ठेव दोघांना सारखी. यावरून भांडलात तर मला काही कळणार नाही, पण तुमचा एक रविवार वाया जाईल.

कलम तीन. लोखंडी शिडी समोरच्या शिंप्याला. "संध्याकाळी आणून देतो" म्हणून त्याने ती नेली त्याला आता अकरा वर्षे झाली. निदान माझ्या पश्चात तरी ती रीतसर त्याची होऊ दे. त्याला या कागदावर साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये असे वकीलबाई म्हणतात. शिडीपायी त्याचा मान गेला.

कलम चार. केकची वही सुनेला. माझ्या केकला ती गेली बावीस वर्षे "बरा झालाय" म्हणते. त्यात लोणी किती पडते ते तिचे तिलाच कळू दे. सून मनाने चांगली आहे, हेही लिहून ठेवते.

कलम पाच. मोठ्या इस्पितळातल्या मूत्रपिंडाच्या वॉर्डात दर मंगळवारी आणि शुक्रवारी बिनमिठाचा पाव जातो. तो माझ्यानंतरही जावा. माझे यजमान बस चालवायचे. शेवटचे आठ महिने ते त्या वॉर्डात होते. मीठ वर्ज्य, त्यामुळे जेवण जाईना. मग मी त्यांच्यापुरता बिनमिठाचा पाव करू लागले, आणि तो शेजारच्या खाटांवरही जाऊ लागला. यजमान गेले, पाव चालू राहिला. पाव वाटून झाल्यावर मी तिथे तासभर बसते. कोणाची नखे कापते, कोणाला चिठ्ठी वाचून दाखवते, कोणाचे जावयाबद्दलचे गाऱ्हाणे ऐकते. याला समाजसेवा म्हणून माझा एकदा सत्कार झाला. शाल मुलीने ठेवली आहे. मला तिथे जायला आवडते, एवढेच आहे ते.

कलम सहा. भट्टी, पीठ मळायचे यंत्र, ट्रे, रॅक आणि दुकान: माझ्या पश्चात अर्धे मुलीला, अर्धे माझ्या धाकट्या भावाला. भावाचे नाव वाचून मुलांना आश्चर्य वाटेल. मामाने वॉर्डातल्या माणसाचा जीव धोक्यात घातला म्हणून आईने त्याला काढले, असेच त्यांना आजवर माहीत आहे. ते खरे नाही. खरे असे आहे.

वडिलांमागे भट्टी आम्हा दोघांची होती. मळणे आणि मीठ त्याच्याकडे, चिरा आणि भाजणे माझ्याकडे. भाजल्यावर दोन्ही पाव टोपलीत सारखेच दिसतात, म्हणून खूण ठरलेली: बिनमिठाच्या पावावर ब्लेडने एक चीर, मिठाच्या पावावर दोन. बिनमिठाचे ट्रे तो नेहमी रॅकच्या वरच्या दोन खणांत लावायचा. मी वरून सुरुवात करायची. पहिल्या दोन ट्रेंना एक चीर, पुढच्या सगळ्यांना दोन. हाताला इतके वळण पडले होते की डोके लागायचे नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी माझा गुडघा धरला होता. मी स्टुलावर बसले आणि खालून सुरुवात केली. हाताने सवयीप्रमाणे पहिल्या दोन ट्रेंना एकच चीर दिली.

वॉर्डात घड्याळे दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांना पाव फार आवडायचा. गुरुवारपर्यंत त्यांचे पाय सुजले, श्वास लागला, नाकाला नळी लावावी लागली. मुख्य नर्सने उरलेला पाव चाखून पाहिला आणि आम्हा दोघांना बोलावून घेतले. सगळ्या वॉर्डासमोर तिने विचारले, "मीठ कोण घालतं?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."

तिने विचारले तेवढ्यालाच मी उत्तर दिले होते. तरी ते खोटे होते, कारण दुकानात बुधवारीच तीन गिऱ्हाइके "पाव अळणी लागतोय" म्हणून गेली होती. त्यांच्या पावांवर दोन चिरा होत्या, आणि चव बिनमिठाच्या पावाची होती. मी तेव्हाच समजले होते. घरी येताना भाऊ म्हणाला, "ताई, मी बरोबर लावलं होतं. वरचे दोन खण." मी म्हणाले, "गप्प बस."

त्याने पिठाला हात लावायचा नाही या अटीवर वॉर्डाने पाव चालू ठेवला. मी अट मान्य केली. भावाने त्याच महिन्यात आपला हिस्सा माझ्या नावे लिहून दिला आणि बिस्किटांच्या कारखान्यात लागला. काका बरे झाले, त्याच वॉर्डात डायलिसिसला येत पुढे चार वर्षे जगले. "भावाला परत बोलवा हो," असे ते मला दर शुक्रवारी सांगायचे. मी हसून त्यांच्या उशीचा अभ्रा बदलायचे. वॉर्ड सुटला तर मी काय करू, याची मला भीती वाटत होती. मला याची लाज वाटते. गेली एकोणीस वर्षे वाटते आहे.

कलम सात. माझ्या मृत्यूनंतर पहिल्या मंगळवारी कलम सहा वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवावे.

पुरवणी. वरील कागदावर सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. हिस्सा घेणाऱ्याने मजकूर ऐकलेला बरा, म्हणून वकीलबाईंनी भावाला बोलावले. तो दाराजवळच्या खुर्चीत बसून सगळे ऐकत होता. शिडीला हसला. कलम सात झाल्यावर उठला आणि म्हणाला, "मेल्यावर कशाला, ताई? उद्या मंगळवारच आहे. मी येतो, तू बोल."

मी म्हणाले, "उद्या मला जमायचं नाही."

"पाव न्यायला जमतं ना?"

आज आम्ही दोघे गेलो. टोपली त्याने घेतली होती. ती मुख्य नर्स अजून तिथेच आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. मी खाटांच्या मधोमध उभी राहून सांगितले, "तेव्हा मीठ बरोबर होतं. चिरा मी चुकवल्या. आणि मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं." नर्सने चष्मा काढून टेबलावर ठेवला. भावाकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ताईला."

"आम्हाला का नाही?"

भाऊ टोपलीवरचे फडके नीट करत म्हणाला, "ताईचं इथे येणं बंद झालं असतं."

सबब कलम सात रद्द. कलम सहामधले "माझ्या पश्चात" हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. अर्धी भट्टी आजपासून त्याची. मृत्युपत्रात असे चालत नाही, त्याला वेगळा दस्त लागतो, असे वकीलबाई म्हणतात. तो उद्या करायचा आहे.

स्थळ: भट्टीमागची खोली.
दिनांक: मंगळवार, महिन्याची अठरा तारीख, दुपारी चार.

लिहून देणार: सही (पाववाली)

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली, तेव्हा ती शुद्धीवर होती आणि रडत होती.

साक्षीदार पहिला: सही (गल्लीतला पोस्टमन)
साक्षीदार दुसरी: सही (वॉर्डातली मुख्य नर्स)