फ्लेक्सवरचा मूसा

साइट कॅम्प, पश्चिम आफ्रिका
२ मार्च २०२५

ति. बाबा व आई यांस,
सुरजचा सा. जयभीम वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा आणि मगच आईला पुढचं वाचून दाखवा. इथे ‘जमात’ म्हणवणारी बंदूकधाऱ्यांची टोळी आहे, तिने आमच्या विजेच्या टॉवरच्या साइटवर हल्ला केला. दोन गाड्या जाळल्या, परदेशी माणसं शोधत गावभर फिरले. आमचा ड्रायव्हर मूसा याने मला आपल्या घरी ज्वारीच्या कणगीत चार दिवस लपवलं. आईला सांगा, आता ज्वारीच्या भाकरीला नावं ठेवणार नाही.

मूसा सांगतो, ही जमात काही आभाळातून पडलेली नाही. सिगारेटचे तस्कर, सैन्यातून पळालेले काही जण आणि एक मौलवी, असे सगळे पंधरा वर्षांपूर्वी एक झाले. आता सिगारेट ओढणाऱ्याला भरबाजारात फटके मारतात, आणि सिगारेटचे ट्रक मात्र यांचेच! गरिबांच्या गाई जकात म्हणून हाकून नेतात. लग्नात ढोल वाजवू देत नाहीत. मूसाची मुलगी तिसरीत होती, ती शाळाच जाळली. आणि हे सगळं सोसणारेही पाच वेळा नमाज पढणारेच. किळस येते, बाबा.

नाक्यावर ते फोन उघडून बघतात, म्हणून सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर पत्र देतो आहे. सोबत मूसाचा आणि माझा फोटो आहे. घरातच बघा, बाहेर दाखवू नका. प्रगतीला म्हणावं, भाऊ सांगतो, ऑफिसात चहा कमी पी.

माया आहे तशीच असू द्या.
आपला,
सुरज

तामसी
१८ एप्रिल २०२५

चि. सुरज यास,
अ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं. तेहतीस वर्षं मास्तरकी केली, पण घरच्या पोराचं अक्षर काही सुधारलं नाही. शाळा जाळल्याचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या बापाला शाळेच्या दाराबाहेर पोत्यावर बसवत, तरी तो शिकला. शाळेला आग लावणाऱ्यांचा धर्म कोणता, हे मला ऐकायचंसुद्धा नाही.

इथे बसस्टँडवर चार टाळकी म्हणून राह्यली की मुसलमान सगळे एकाच माळेचे मणी. मला राहवलं नाही. जयंतीला विहारासमोर आपण फ्लेक्स लावतोच. यंदा त्यावर तुझा आणि मूसाचा फोटो मोठा करून टाकला, ‘आमच्या सुरजचे प्राण वाचवणारे मूसाभाई’ असं लिहून. तू नको म्हणाला होतास, पण तिकडे मराठी कोण वाचणार? प्रगतीने फेसबुकवर टाकला, तुझ्या कंपनीचं नाव जोडून. बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आई म्हणते, मूसाले एकदा घरी घेऊन ये.

पत्राची वाट बघायला लावू नकोस.
तुझा,
बाबा

साइट कॅम्प
२० मे २०२५

ति. बाबांस,
सा. जयभीम. हे पत्र एकट्यानेच वाचा.

तो फोटो कंपनीतल्या लोकांनी कौतुकाने एकमेकांना पाठवला. फिरत फिरत तो इकडच्या एका कामगाराच्या फोनमध्ये आला, आणि नाक्यावर त्याचा फोन तपासला गेला. मराठी कुणालाच वाचता आलं नाही. वाचायची गरजही पडली नाही, आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे होतो.

मागच्या आठवड्यात मूसाला बाजारातून उचललं. मारून रस्त्यावर टाकलं आणि तीन दिवस कुणाला पुरू दिलं नाही. धर्माच्या नावाने बंदुका घेऊन फिरतात आणि मेलेल्याला माती मिळू देत नाहीत. थू यांच्यावर! त्याची बायको मुलीला घेऊन राजधानीत बहिणीकडे गेली आहे. मी जाऊन तिला फोटोचं सगळं सांगितलं.

तुम्हाला बोल लावत नाही. फोटो मीच पाठवला होता.

तुमचा,
सुरज

तामसी
७ जून २०२५

चि. सुरज यास,
अ. आ.

फ्लेक्स उतरवला. लोक विचारतात काऊन उतरवला, मी सांगतो वाऱ्याने फाटला. त्या नीच माणसांना दिवसभर शिव्या देतो. शिव्या संपल्या की स्वतःचीच किळस येते. तू स्पष्ट लिहिलं होतंस. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो, ऐकायची सवयच राहिली नाही. प्रगतीला सांगितलं. तिने फोन कपाटात टाकून दिला आहे.

तुझ्या आईला सांगणं मात्र जमलं नाही. ती मूसाच्या मुलीसाठी फ्रॉक शिवायला बसली आहे, आदिलाबादहून कापड आणलं. आज म्हणाली, मूसाभाऊले इचारून पोरीचं माप मागवा जी. मी हो म्हणालो.

लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही. पोरीचं माप तेवढं कळव.

भिवाजी