बांधावरचं आवण

३ सप्टेंबर
पालघरला कलेक्टर कचेरीपुढे पुन्हा बसलो. ऊन की काय ते! गर्दी रोडावली. मागणी तीच: आमच्या शिवेवर कंपनीने जनुक बदललेला भात चाचणीसाठी लावलाय, तो उपटा. गावाला न विचारता लावलाच कसा? साहेब बाहेर आले नाहीत. शिपाई आला, म्हणाला, घोषणा जरा हळू द्या, आत मीटिंग आहे. नामदेव (आंदोलनाच्या समितीत माझ्यानंतर तोच, गळा मोठा) त्यावर आणखी जोरात ओरडला. बऱ्याच दिवसांनी हसलो.

७ सप्टेंबर
चिंचणीहून कुसुमचा फोन. धाकटी बहीण, पण बोलते आजीबाईसारखी. "दादा, आमच्या खाचरात खारं पानी शिरलंय. तो नवा भात खाऱ्यात तगतो म्हनतात. तू उपटायला निघालास, मग आमी खायाचं काय?" म्हटलं, तगतो असं कंपनी सांगते. मग कागद दाखवू देत की, लपवतात कशाला? "कागद तू वाच. आमाला भात पायजे." ठेवला फोन. चाचणीला विरोध म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे, हे सभेत छान वाटतं. बहिणीला सांगताना जीभ रेटत नाही.

१५ सप्टेंबर
आमदार येऊन गेले. सत्तेत होते तेव्हा हेच "नवं बियाणं आणा" म्हणत होते. आता विरोधात, म्हणून आमच्या बाजूला. हार घातला. घालावा लागला. ग्रामसभेत चाचणीविरुद्ध ठराव एकमताने झाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो ठराव कचेरीत "नोंद घेतली" म्हणून पडलाय. गावाचं मत म्हणजे म्हणे सल्ला. परवानगी वरून येते. मग हात वर करायला लावता कशाला लेको?

२२ सप्टेंबर
आज आनंदाचा दिवस. म्हणजे दुपारपर्यंत होता. वकीलताईंचा फोन (पालघरच्या, आमची केस फुकट लढतात): अर्ज मंजूर! कोर्टाच्या हुकमाने सरकारी पथक समितीच्या शेतांतून भाताचे नमुने नेणार, सुरुवात माझ्यापासून. "कंपनीचा भात वाऱ्याने तुमच्यात मिसळला हे एकदा सिद्ध झालं की प्लॉट बंद." नामदेवने बोईसरहून पेढे आणले. हिराला पेढा दिला, बातमी सांगितली. पेढा हातात धरून उभीच राहिली बायको.
"आपल्या शेतात हाय तो."
"वाऱ्याने?"
"नाय. मीच लावला."

२३ सप्टेंबर
काल पुढे लिहवेना. तर झालं असं. जुलैत कंपनीच्या लावणीला आमच्याच पाड्यातल्या बाया रोजाने गेल्या, हिराही. कसला भात ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आवण उरलं. आपल्याकडे उरलेली रोपं कोणी टाकत नाही, जुड्या बांधून बांधावर ठेवायच्या. ज्याला कमी पडलं त्याने उचलायच्या, विचारायचंही नसतं. बायांनी सवयीने ठेवल्या आणि सवयीनेच उचलल्या. आमचा राता, आईपासून चालत आलेला लाल भात. त्यात जिथे जिथे रोप मेलं होतं तिथे हिराने हे खोचलं. कुठे कुठे? "इथं तिथं. ध्यानात ऱ्हातं काय?" उपटावं तर दोन्ही सारखेच हिरवे. नामदेवच्या बायकोनेही नेलंय. अजून कोणाकोणाकडे आहे, देव जाणे.
ओरडलो. मी एवढा बोंबलत फिरतोय, तुला सांगता आलं नाही?
"तुमी इचारलं कदी? सभेत बोलता. घरात बोलता काय?"


२७ सप्टेंबर
वकीलताईंना सांगायचंच म्हणून पालघरला गेलो. त्या इतक्या खुशीत. "नमुना पॉझिटिव्ह येणार बघा!" चहा प्यालो, परत आलो. सांगितलं तर कंपनी म्हणणार, यांनीच चोरून लावला. आंदोलन संपलं. नाही सांगितलं तर जिंकणार. खोट्यावर. आणि कधी ना कधी ते बाहेर येणारच, मग पुढे जो कोणी खरं बोलेल त्यालाही लोक हसणार. डोकं चालेनासं झालंय.
हिराला म्हटलं, पथक आलं की तू गप्प राहा.
"मी चोरी नाय केली. गप कशाला ऱ्हाऊ?"

९ ऑक्टोबर
पथक आलं. साहेब तरुण, नम्र. लोंब्या कापून पिशव्यांत भरल्या. मग विचारलं, "बाहेरून रोपं आणून लावली होती का?" हिरा बांधावर उभी. मागे सगळी समिती. नामदेवला घरून कळलंय की नाही, तोंडावरून समजेना. मी म्हटलं, नाही.
हिरा बांधावरून उतरली. घराकडे चालू लागली. नामदेवने घोषणा दिल्या, सगळ्यांनी साथ दिली. मीही हात वर केला.

१४ ऑक्टोबर
रिपोर्ट नाही. यावा असं वाटत नाही, न यावा असंही नाही. हिरा जेवायला वाढते आणि उठून जाते. स्वतःची लाज वाटते, दुसरं काही नाही.

८ नोव्हेंबर
कापणी झाली, झोडणी झाली. रिपोर्ट अजून नाही. वकीलताई म्हणतात, आपण पक्के आहोत.
दरवर्षी हिरा आधी बियाच्या लोंब्या निवडते, मग बाकीच्या भाताला हात लावते. आज मी पालघरहून आलो तर खळं रिकामं. सगळा भात टेम्पोत घालून गिरणीवर पाठवलेला.
"बी?"
"नाय धरलं. त्यात काय हाय ते मला म्हाईत, तुमाला म्हाईत. लोक दर साली रात्याचं बी मागाया येतात. त्यांना काय सांगून देऊ?"
"अगं, आईचं बी होतं ते. पुढच्या साली पेरायचं काय?"
"तुमच्या वकीलताईंना इचारा."
उद्या समितीची मीटिंग आहे. जायचं की नाही, ठरलेलं नाही.